कडेची पट्टी

आमच्या नियंत्रण कक्षात सगळे त्यांना पाटीताई म्हणायचे. महामार्गावर आडव्या गेलेल्या लोखंडी कमानींवर दिव्यांच्या पाट्या असतात ना, 'पुढे वाहतूक संथ', 'वेग साठ', 'डावी लेन बंद' असं सांगणाऱ्या, त्यांवर काय लिहायचं ते त्या ठरवायच्या. रोज लाखभर माणसं त्यांचं लिखाण वाचायची आणि त्यातल्या एकालाही त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. "माझ्याइतके वाचक कुणाला आहेत, सांग बरं," असं त्या मला म्हणायच्या. "आणि वाचून झालं की सगळे शिव्याच घालतात."

मी त्यांच्या मागच्या टेबलावर बसायचो. माझं काम यंत्रांच्या तक्रारींचं. कुठला कॅमेरा बंद आहे, कुठली पाटी अर्धीच पेटते, ते लिहून घ्यायचं, दुरुस्तीच्या ठेकेदाराकडे पाठवायचं आणि काम झालं की तक्रार मिटवायची. सहा वर्षं मी त्यांची पाठ बघितली. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून खाली जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवलेला. चष्मा दोरीने गळ्यात. बोलणं फटकळ, पण कुणाच्या घरी आजारपण असलं की आठवणीने विचारपूस करणाऱ्या त्याच.

जे घडलं ते त्यांच्या बाबतीत घडलं. त्यात माझाही वाटा आहे. तो वगळून सांगता आलं असतं तर मी कदाचित तसंच सांगितलं असतं.

पाट्यांवर येण्याआधी ताई नऊ वर्षं मदतीच्या फोनवर होत्या. तेव्हा रस्त्यावर कसलीच यंत्रणा नव्हती. एखादा ट्रक आडवा झाला की मागे तीन-तीन तास गाड्या खोळंबायच्या, आणि पुढे काय झालंय हे कुणालाच कळायचं नाही. माणसं गाडीतून फोन करायची. कुणाची परीक्षा असायची, कुणाचं विमान सुटत असायचं, कुणाची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असायची. ताईंकडे सगळ्यांना सांगायला एकच वाक्य होतं: थोडा धीर धरा. "दिवसातून दोनशे वेळा म्हणायचे मी ते," त्या सांगायच्या. "घरी हे उशिरा आले आणि पोरगी रडायला लागली, की तिलाही तेच. थोडा धीर धरा, आपला नंबर येईल."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते, पाठीच्या मणक्याने दगा दिला तेव्हा घरी बसले. आम्ही त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायचो. तीस वर्षं मी रस्ता खालून बघितला आणि आता बायको वरून बघते, तरी दोघांनाही तो कळलेला नाही, असं ते हसत सांगायचे.

मग यंत्रणा आली. रस्त्याच्या पोटात ठरावीक अंतरावर तारेची वेटोळी पुरली. वरून गाडी गेली की ती मोजायची आणि वेग सांगायची. खांबांवर कॅमेरे लागले, कमानींवर पाट्या आल्या. जोडरस्ते जिथे महामार्गाला मिळतात तिथे सिग्नल बसले. एका हिरव्यात दोनच गाड्या आत सोडायचे. हे सगळं आमच्या कक्षातल्या एका भिंतीवर येऊन दिसायचं. मधे रस्त्याचा नकाशा, हिरवा, नारिंगी, लाल, आणि भोवती कॅमेऱ्यांचे चौकोन.

मी नवीन होतो तेव्हा ताईंनी मला समजावलं होतं. "शाळा सुटल्यावर जिना बघितलास का कधी? घंटा झाली की सगळी पोरं एकदम दाराशी. कुणीच बाहेर पडत नाही. वर एक बाई उभ्या राहिल्या आणि तीन-तीन जणांनाच सोडलं, तर तोच जिना पाच मिनिटांत रिकामा. आपण त्या वरच्या बाई." आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. पुष्कळदा कोंडीला काही कारणच नसतं. एक माणूस उगाच ब्रेक मारतो, मागचा जरा जास्त मारतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि तीन किलोमीटर मागे कुणीतरी चक्क उभा राहतो. नकाशावर ती लाल रेघ उलट्या दिशेने सरकताना दिसायची. ताई त्या रेघेच्या खूप मागे पाटीवर 'वेग सत्तर' लावायच्या. लोक चरफडत हळू व्हायचे आणि ते पोचेपर्यंत रेघ विरून गेलेली असायची. आपण ज्या कोंडीत अडकलोच नाही तिच्याबद्दल आभार कोण मानणार? पण सकाळचा जो टप्पा पार करायला पूर्वी पाऊण तास जायचा, तो वीस-बावीस मिनिटांवर आला होता. आकडे मीच महिन्याच्या अहवालात भरायचो.

एकदा त्यांनी पाटीवर लिहिलं: 'घाईने पुढे गेलेले सगळे पुढेच अडकले आहेत.' त्या दिवशी लेन तोडून घुसणारे निम्म्याने कमी झाले. ताईंना मात्र मेमो आला. सरकारी पाटीवर विनोद चालत नाही. तो मेमो त्यांनी घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.

कडेच्या पट्टीचं सुरू झालं ते पुढे. महामार्गाच्या कडेला एक मोकळी पट्टी असते, बंद पडलेल्या गाड्यांसाठी. गर्दीच्या वेळी ती वाहतुकीला उघडायची, असं वरून ठरलं. नवा रस्ता न बांधता एक लेन फुकट. पट्टीवरच्या कमानीवर लाल फुली असली की बंद, हिरवा बाण असला की खुली. बटण ताईंच्या टेबलावर. नियम साधा होता. बटण दाबण्याआधी त्या नऊ किलोमीटरच्या टप्प्यातले चौदाच्या चौदा कॅमेरे डोळ्यांनी बघायचे. पट्टीवर काही उभं नाही याची खात्री करायची. एक जरी कॅमेरा बंद असला तरी उघडायचं नाही.

ताई कॅमेरे मोठ्याने मोजायच्या. "एक मोकळं. दोन मोकळं. तीन मोकळं." रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला कक्षात हा पाढा ऐकू यायचा. चौदाला पोचल्या की "चला, या" म्हणून बटण दाबायच्या, जणू दारात पाहुणेच उभे आहेत.

मग नववा कॅमेरा गेला. एका वळणावरचा, चारशे मीटरचा तुकडा दाखवणारा. भिंतीवर त्याचा चौकोन काळा झाला. ताईंनी मला सांगितलं, मी तक्रार लिहिली, ठेकेदाराकडे पाठवली. त्या दिवशी त्यांनी पट्टी उघडली नाही. रांग नदीवरच्या पुलापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. वरून आमच्या प्रमुखांना फोन आले. प्रमुख वाईट माणूस नव्हता, पण वरचा फोन आला की त्याचा कान लाल व्हायचा. तिसऱ्या दिवशी तो खुर्चीजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, उघडा. आठही दिसतंय, दहाही दिसतंय. मधे काय हत्ती बसलाय?"

"साहेब, नियम आहे."

"नियम मलाही माहीत आहे. चारशे मीटरसाठी हजारो माणसं ताटकळत ठेवायची का? माझ्या जबाबदारीवर उघडा."

हे लेखी द्या, असं ताई म्हणाल्या नाहीत. त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुढच्या दिवशी प्रमुखाला यावंही लागलं नाही.

चौथ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने मला फोनवर सांगितलं, "लाइन चेक केली, चालू आहे." मी तक्रारीपुढे 'दुरुस्त' लिहिलं आणि ती मिटवली. भिंत माझ्या टेबलापासून बारा पावलांवर होती. मान वर केली असती तरी नववा चौकोन काळाच दिसला असता. पण किती तक्रारी किती दिवसांत मिटल्या यावर आमच्या विभागाची वाहवा व्हायची, आणि मी खाली मान घालून पुढच्या तक्रारीकडे वळलो.

दोन दिवसांनी ताई मागे वळून म्हणाल्या, "अरे, नऊ अजून काळंच आहे."

"परत पाठवतो ताई," मी म्हटलं.

पाठवलं नाही. मिटवलेली तक्रार पुन्हा उघडली की ती माझ्या नावावर चूक म्हणून दिसायची. आज लिहू, उद्या लिहू करत ते राहून गेलं. ताईंचा पाढा मात्र रोज चालू होता. "आठ मोकळं. नऊ काळं. दहा मोकळं." पहिल्या आठवड्यात 'नऊ काळं' म्हणताना त्या जरा थांबायच्या. नंतर थांबेनाशा झाल्या.

एकोणिसावा दिवस. कामाचा वार, स्वच्छ सकाळ. धुकं नव्हतं, पाऊस नव्हता. हवेवर ढकलता येईल असं काहीच नव्हतं. सात पस्तीसला नकाशावर नारिंगी पसरू लागलं. ताईंनी आधी जोडरस्त्यांचे सिग्नल आवळले, पाटीवर 'वेग सत्तर' लावला. तरी भरती थांबेना. सात चाळीसला त्यांनी पाढा म्हटला. एक्केचाळीसला बटण दाबलं. नऊ किलोमीटरभर लाल फुल्या गेल्या आणि हिरवे बाण आले.

त्या काळ्या चौकोनात एक छोटा टेम्पो उभा होता. तो एका फरशी बसवणाऱ्याचा होता. मागे फरश्यांची खोकी, करण्या, पाण्याची पातळी बघायची नळी. शेजारी त्याची मोठी बहीण. ती त्याच्याबरोबर कामावर जायची, सांधे भरायचं काम तिचं. सात एकोणतीसला टायर फुटला आणि त्याने टेम्पो कसाबसा कडेला घेतला. वेटोळी फक्त वरून गेलेली गाडी मोजतात. दोन वेटोळ्यांच्या मधे थांबलेल्या टेम्पोबद्दल त्यांना काही सांगता येत नव्हतं. त्याने बहिणीला लोखंडी कठड्यापलीकडे उभं केलं. "तू तिकडेच थांब, इथे गाड्या अंगावर येतात," म्हणाला. आणि स्वतः चाकाशी उकिडवा बसला. बहिणीने मदतीचा नंबर फिरवला. अकरा मिनिटं तिच्या कानात संगीत वाजत होतं. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं मधूनमधून एक आवाज सांगत होता.

कारखान्याची कामगार नेणारी बस हिरवा बाण बघून पट्टीत शिरली होती. वळणावर बसच्या ड्रायव्हरला टेम्पो दिसला तेव्हा ब्रेक मारण्याइतकी जागा उरली नव्हती. डावीकडे कठडा, उजवीकडे ट्रक.

आम्हाला काहीच दिसलं नाही. आधी नकाशावर एक बारीक लाल ठिपका आला. ताई पुढे झुकल्या. मग दहाव्या कॅमेऱ्यात, चौकोनाच्या कोपऱ्यातून, फरशीचे पांढरे तुकडे घरंगळत आले. रस्ताभर पसरले. कुणाला काही कळायच्या आत ताईंनी सगळी पट्टी बंद केली, पाट्यांवर 'अपघात, थांबा' लावलं, रुग्णवाहिकेला किलोमीटर सांगितला, जोडरस्ते बंद केले. हात यंत्रासारखे चालत होते. रुग्णवाहिका सहा मिनिटांत पोचली, कारण त्यांनी तिच्यासाठी एक अख्खी लेन मोकळी करून ठेवली होती. यंत्रणा त्या दिवशी अगदी चोख चालली. उपयोग झाला नाही. फरशीवाला जागीच गेला होता. बसच्या ड्रायव्हरचे दोन्ही पाय गेले.

मदतीच्या फोनवर त्या बहिणीचा फोन सात चव्वेचाळीसला उचलला गेला. उचलणारीला फक्त आरडाओरडा ऐकू आला. तिने यादीतलं वाक्य म्हटलं: शांत राहा, आपण कुठे आहात ते सांगा.

ताईंनी पाळी पूर्ण केली. दोन वाजता उठल्या, चष्मा पुसला, माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं आता बोलतील. माझ्या पडद्यावर तक्रारींची यादी उघडी होती, तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि गेल्या. संध्याकाळी नवव्या कॅमेऱ्याचं चित्र आलं. एक सैल झालेली तार होती. ठेकेदाराच्या माणसाला शिडी लावून जोडायला वीस मिनिटं लागली.

चौकशी पाच आठवड्यांनी झाली. तिच्या आदल्या दिवशी प्रमुखाने ताईंना केबिनमध्ये बोलावलं. मलाही बसवून घेतलं. त्याने एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात होतं की सर्व कॅमेरे तपासून पट्टी उघडली, आणि टेम्पोच्या चालकाने थांबण्यासाठी ठेवलेल्या जागेत न जाता मधेच गाडी उभी केली.

"सही करा ताई. कॅमेरा दुरुस्त असल्याची नोंद आहेच. ती जागा दोनशे मीटर पुढे होती, हेही खरं आहे. ह्यात खोटं काय आहे?"

"फुटलेल्या टायरवर दोनशे मीटर तुम्ही गाडी नेऊन दाखवा. मी सही करते."

"अहो, मेलेल्या माणसाला काय फरक पडणार आहे? तुमची पोरगी अजून शिकतेय. माझाही संसार आहे. आपण सगळे एका नावेत आहोत, जरा समजून घ्या."

"मेलेल्याला नाही पडत. आमची चूक होती म्हणून भाऊ गेला का त्याची होती म्हणून, हे जी बहीण जिवंत आहे तिला कळायला नको?"

त्या कागदावर त्यांनी सही केली नाही. घरी काय बोलणं झालं ते ड्रायव्हरसाहेबांनी मला फार पुढे सांगितलं. ते म्हणाले होते, "सही कर गं बाई, नोकरी जाईल." ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तीस वर्षांत कुणाला मारलं असतंत आणि दोष त्याच्यावरच टाकला असतात, तर मी तुमच्या ताटात वाढलं असतं का?" एवढं सांगून ड्रायव्हरसाहेब मला म्हणाले, "वाढलं असतं रे तिने. पण मी जेवलो नसतो, हे तिला माहीत होतं."

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं, पलीकडे तिघे अधिकारी, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. ती बहीण भिंतीलगतच्या खुर्चीत बसली होती. चाळिशीची, काटक, बोटांच्या पेरांत सिमेंट कायमचं बसलेलं. आधी तिला विचारलं. तिने सगळं सरळ सांगितलं. शेवटी म्हणाली, "समोरच्या कमानीवर लाल फुली होती. ती गेली आणि हिरवा बाण आला. त्याची पाठ होती तिकडे. मला वाटलं फोन लागला, आमच्यासाठी मदत येतेय, म्हणून हिरवं केलं. मी त्याला ओरडून सांगितलं, आले बघ."



मग ताई. त्या उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "नववा कॅमेरा एकोणीस दिवस बंद होता. मी रोज बघत होते की तो बंद आहे. तरी सतरा दिवस पट्टी उघडली. पहिल्यांदा प्रमुखांनी सांगितलं म्हणून. नंतर कुणी सांगितलं म्हणून नाही. सवयीने."

"नोंदीत तर कॅमेरा दुरुस्त आहे," मधला अधिकारी म्हणाला.

"तो दुरुस्त नव्हता. तक्रारीच्या टेबलाला मी तसं सांगितलं होतं."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो. "नोंदीत दुरुस्त आहे, साहेब," मी म्हणालो आणि बसलो.

त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला आजवर गिळता आलेलं नाही.

ती बहीण ताईंकडे बघत होती. परवानगी न घेताच तिने विचारलं, "तुम्हाला तो दिसत नव्हता?"

"नाही."

"मग उघडली कशाला?"

नऊ वर्षं फोनवर आणि अकरा वर्षं पाट्यांवर लोकांना काय सांगायचं ते ठरवणारी ही बाई, तिला एक शब्द सापडेना. शेवटी त्यांनी नुसते हात जोडले. त्या बहिणीने तोंड फिरवलं.

अहवाल आला. त्यात ताई दोषी ठरल्या, नियम मोडल्याबद्दल. प्रमुखाने तोंडी काही सांगितल्याचा पुरावा नव्हता. त्याची बदली झाली, तीही बढतीवर. तक्रार विभागाची नोंद 'तांत्रिक विसंगती' म्हणून एका ओळीत संपली. माझ्या केसालाही धक्का लागला नाही. फक्त टेम्पोचालकाची चूक असल्याचं वाक्य अहवालात नव्हतं. पहिल्या मसुद्यात ते होतं, हे मी स्वतः वाचलेलं आहे.

ताईंना पाट्यांवरून काढून तळमजल्यावर टाकलं, अपघातांच्या जुन्या कागदांच्या खोलीत. एक दिवा, एक टेबल, छतापर्यंत फायली. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. लोकांना वाटलं, आता बाई विणकाम करत दिवस काढतील. त्यांनी फायली वाचायला सुरुवात केली. पट्टी सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक दिवस कॅमेऱ्यांच्या नोंदींशी ताडून बघितला. एकसष्ट वेळा पट्टी कुठला ना कुठला कॅमेरा काळा असताना उघडली गेली होती. त्यातल्या सतरा त्यांच्या त्या दिवसांतल्या, बाकीच्या तिन्ही पाळ्यांतल्या. पाच वेळा पट्टीत गाडी उभी होती आणि थोडक्यात निभावलं होतं. ताईंनी ते सगळं हाताने लिहून काढलं, स्वतःच्या तारखा लाल शाईने, आणि वर पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं. दर तीन महिन्यांनी पाठवत राहिल्या. पोचपावत्या त्यांच्या टेबलावर खिळ्याला टोचलेल्या असायच्या.

तिसऱ्या वर्षी वर कुणी नवा माणूस आला. त्याने ते वाचलं. यंत्रणेतच बदल झाला: चौदातला एकही कॅमेरा बंद असेल तर बटणच चालत नाही. कुणाच्या जबाबदारीवर नाही, कुणाच्या सांगण्यावरून नाही. पहिल्या वर्षात तेवीस सकाळी ते चाललं नाही. तेवीस सकाळी रांग पुलापर्यंत गेली, वर्तमानपत्रांत आमच्या नावाने शिमगा झाला, लोकांनी यंत्रणा भंगारात काढा म्हणून अर्ज केले. कॅमेरे मात्र आता एका दिवसात दुरुस्त होऊ लागले. त्यानंतर पट्टीवर कुणी मेलं नाही. पाटीवर किंवा या बदलाच्या अहवालात कुठेही पाटीताईंचं नाव आलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी तळमजल्यावर गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. त्या फायलींना दोरी बांधत होत्या.

"ताई, ती तक्रार मी न बघता मिटवली होती. आणि तुम्ही सांगितल्यावरही परत पाठवली नाही. चौकशीत मी बोलायला हवं होतं."

त्यांनी गाठ मारली, दोरी दाताने तोडली.

"तू खोटं बोलला नाहीस. नोंदीत होतंच दुरुस्त." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मीही कुठे खोटं बोलत होते? रोज मोठ्याने म्हणत होते, नऊ काळं. म्हणून तर पुढे जाता येत होतं."

मला वाटलं होतं त्या रागावतील, नाहीतर जाऊ दे म्हणतील. दोन्ही झालं नाही. "त्या वरच्या फायली उतरवून दे," म्हणाल्या. मी उतरवून दिल्या. तेवढंच.

निवृत्तीनंतर ताई फरशीवाल्याच्या बहिणीच्या घरी गेल्या होत्या, हे मला ड्रायव्हरसाहेबांकडून कळलं. तोवर ताईंची तब्येत ढासळली होती, त्या आत झोपल्या होत्या आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलत होतो. पत्ता ताईंना फायलीत मिळाला होता. जुन्या रस्त्याने दोन बस बदलून त्या गेल्या. महामार्गावरून गेल्या नाहीत. ड्रायव्हरसाहेब बरोबर होते, पण जिना चढवेना म्हणून खालीच थांबले. दुसऱ्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आणि दारातलं बोलणं त्यांनी खालून ऐकलं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"ओळखलं तिने लगेच. म्हणाली, तुम्ही खरं सांगितलंत, माझ्या भावाच्या डोक्यावर टाकलं नाहीत. ते बरं केलंत. पण पुन्हा येऊ नका. आणि दार लावलं. जोरात नाही हं, सावकाश लावलं."

"मग ताई?"

"खाली आली. चला म्हणाली. घरी आलो, तिने स्वयंपाक केला, दोघं जेवलो. मग भांडी घासायला बसली. बराच वेळ नळ नुसताच वाहत होता. मी म्हटलं, अगं, पाणी जातंय. तेव्हा बंद केला तिने."

आतून ताईंच्या खोकल्याचा आवाज आला. ड्रायव्हरसाहेब भिंतीला धरून उठले आणि त्यांना औषध द्यायला आत गेले.